रंगूबाई झोपायला तयार नव्हती

रंगूबाई निकम कुणाचंही पहिल्या झटक्यात खरं मानत नसे. मी कोरेगावला शाळेत शिकवत होते तेव्हा ती आमच्याकडे दूध घालायची. दूध ओतण्याआधी माझं पातेलं उपडं करून बघायची. आत चार थेंब पाणी राहिलं असलं, तर दूध पातळ असल्याचा ठपका तिच्यावरच यायचा, हा तिचा विचार. मला आधी राग आला. मग मी पातेलं पुसून ठेवायला लागले आणि आमचं जमलं.

तिचा नवरा कृष्णात फौजेत हवालदार. सुट्टीवर यायचा तेवढाच घरी. बाकी वर्षभर त्याच्या वाट्याचा ऊस, पाण्याची पाळी, गडीमाणसं सगळं ही बघायची, आणि तेही थोरले दीर हंबीरराव यांच्या देखत. दिरासमोर डोक्यावर पदर, उभं राहायचं ते दाराआड. चेहरा दिसायचा नाही. आवाज मात्र दाराआड राहत नसे. हंबीररावांनी पाण्याची पाळी परस्पर बदलली, तर तो आवाज सोप्यात, अंगणात आणि शेजारच्या दोन घरांत एकाच वेळी पोचायचा.

त्याच घरात हंबीररावांची बायको मनुबाई होती, रंगूबाईची थोरली जाऊ. तिचा आवाज गेलेला होता. ओठ हलायचे, घशातून वारा सुटल्यासारखं काहीतरी यायचं, आणि कान तिच्या तोंडाशी नेला तरच शब्द कळायचे. बावन्न साली तिच्या गळ्याचं आवाळू कापलं, त्या दिवसापासून हे असं. 'डाक्तरानं आवाज कापला' असं अख्खं गाव म्हणायचं. घरात कुणी तिचा छळ केला नाही. तिचं उत्तर येईपर्यंत थांबायला कुणाला वेळ नव्हता, इतकंच. बियाणं कुठलं आणायचं, पोरीला कुठं द्यायची, हे हळूहळू तिला न विचारताच ठरू लागलं. रंगूबाई सून होऊन आली ती हे बघतच.

आणि शहात्तर साली रंगूबाईच्या स्वतःच्या गळ्यावर लिंबाएवढी गाठ दिसायला लागली.

मी तोपर्यंत सांगलीला आले होते, गावभागात राहत होते. एका दुपारी दारात दोघी जावा उभ्या. कोरेगावहून पॅसेंजरने आलेल्या. गाठ आता लिंबाएवढी नव्हती, चांगली पेरूएवढी होती. उताणं झोपलं की श्वासाची शिट्टी वाजते, रंगूबाई म्हणाली. भाकरी आमटीत भिजवल्याशिवाय उतरत नाही.

"मग लवकर का नाही आलात?"

"आबा जा जा म्हणत हुते म्हणून." आबा म्हणजे हंबीरराव.

"म्हणजे?"

"बाई, मला ताप आला तवा आबा म्हणले, वाकळ घे आन घाम काढ. पाय मोडला तवा म्हणले, हळद लाव. आन गळ्याचं म्हणल्यावर टांगा दारात. सांगलीला लय मोठा डाक्तर हाय, उद्याच जा. माझी एवढी काळजी कवापास्नं?"

"वाईटच का धरायचं?"

"एक मुकी झाली ते तेंला बरंच झालं," ती म्हणाली. "आता दुसरी बी हुईल."

मनुबाई तिथंच भिंतीला टेकून बसली होती. तिने मान हलवली नाही, हो म्हणून नाही की नाही म्हणून नाही. मी रंगूबाईला रागावले, पण खरं सांगायचं तर शंका माझ्याही डोक्यात शिरली. रंगूबाई गप्प झाली असती तर कृष्णाताच्या वाट्याबद्दल त्या घरात बोलणारं कुणी उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉ. ताटक्यांकडे नेलं. पन्नाशीचा, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. गळ्याची गाठ तपासायची तर डॉक्टर पेशंटच्या मागे उभे राहून दोन्ही हातांनी गळा चाचपतात आणि घोट गिळायला सांगतात. रंगूबाईने त्यांचे हात बाजूला केले.

"मागनं कशाला? म्होरं येऊन बगा."

"मागूनच नीट कळतं, बाई."

"तुमाला कळतंय. मला काय दिसतंय?"

डॉक्टरांनी भिंतीवरचा आरसा काढून तिच्या हातात दिला आणि मग मागे गेले. तिने आरशात गळा बघितला नाही, त्यांची बोटं बघितली.

एक्स-रेत श्वासनळी चांगलीच एका बाजूला सरकलेली होती. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर धरून दाखवली. "हे असंच वाढलं तर एक दिवस श्वास कोंडेल. ऑपरेशन करावं लागेल."

"ह्यो फोटू माझाच कशावरनं?"

"डोरल्याचे मणी ओळखा. काढा म्हटलं होतं, तुम्ही काढलं नाहीत."

तिने वाकून बघितलं. मणी तिचेच होते. मग डॉक्टर म्हणाले, पूर्ण भूल देऊन झोपवावं लागेल, आणि ती उठून उभीच राहिली. "झोपणार न्हाई."

याचं कारण मला माहीत होतं. काळ आणीबाणीचा. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांच्या बातम्या गावोगाव फिरत होत्या, खऱ्यात खोटं मिसळून. झोपवलं की भलतंच ऑपरेशन करून टाकतात, असं बायका विहिरीवर बोलायच्या. "मी दाराशी बसते," मी म्हटलं. "तुमी भाईर, मी आत," ती म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

घरी आलो. मी चहा टाकला. मनुबाईने रंगूबाईचा पदर ओढला आणि ओठ हलवले. आम्ही दोघींनी डोकी तिच्या तोंडाशी नेली. त्या घरी इतकी वर्षं जाऊन-येऊन मी तिचं बोलणं इतक्या जवळून पहिल्यांदाच ऐकत होते.

"मला जागंच ठेवलं हुतं," ती म्हणाली. "गळ्यात सुया टोचल्या. दुखंना, पर सगळं कळत हुतं. डाक्तर म्हणला, बोलत ऱ्हा. काय बी बोल. आकडं म्हण, देवाचं नाव घे. थांबू नगंस."

"मग?"

"आत्याबाईनी आदीच बजावल्यालं. आत गडीमाणसं असत्यात. निकमांची सून वराडली असं झालं न्हाई पायजे. दात आवळून पड."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, राहीबाई. ती वारून तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

"आन तू?" रंगूबाईने विचारलं.

"पडले की. तेनी लय येळा सांगितलं, बोल बोल. मग एकजण म्हणला, लय धीराची हाय. मग कुणी काय म्हणलं न्हाई."

स्टोव्ह फरफरत होता. मी तो बंद केला.

"अक्का, इतक्या वर्सांत सांगितलं न्हाईस," रंगूबाई म्हणाली.

"इचारलं कुणी?"

मनुबाईला वाटत होतं आपण चुकलो, आपण बोललो असतो तर आवाज राहिला असता. बोलायचं होतं तेव्हा चांगल्या सुनेसारखी गप्प राहिली, आणि पुढे बोलायची सोयच उरली नाही. तिने हे दुखणं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. रंगूबाईचं डोकं मात्र वेगळ्याच दिशेने चाललं होतं.

"म्हंजी बोलण्यावर तेंचं काम चालतंय. आत कुठं धक्का लागला का आवाज बिघडतूय, मग तेनी हात थांबवायचा. असंच का न्हाई?"

"असंच दिसतंय."

"आन मला झोपवत्यात. झोपंत मी कशी बोलू? कुणाला कळणार कवा थांबायचं ते? बाई, आता तुमीच सांगा, ह्यात डाव हाय का न्हाई."

मी बी.ए. झालेली बाई. विहिरीवरच्या गप्पांना मी हसले होते, या प्रश्नाला हसता येईना. उलट माझीच शंका बळावली. जागं ठेवण्यात निदान पेशंटच्या हाती काही होतं. झोपवण्यात डॉक्टरांचीच सोय दिसत होती.

सकाळी तिघी पुन्हा ताटक्यांपुढे. रंगूबाईने बसायच्या आधीच सांगितलं, "जागं ठिवून करा. मी गप्प बसणारी न्हाई, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं बोलीन."

"जागं का ठेवायचं?"

तिने सगळं सांगितलं. मनुबाई खाली बघत उभी होती. डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकत राहिले.

"तेव्हा बरेच जण तसंच करायचे," ते म्हणाले. "मी शिकत होतो तेव्हा पाहिलंय. रक्त इतकं यायचं की आत काही दिसायचं नाही. भराभर चिमटे लावायचे, बांधायचं, बाहेर पडायचं. झपाट्याने करील तो मोठा सर्जन. आवाजाची नस शोधत बसायला वेळ नसे, म्हणून कान पेशंटच्या बोलण्याकडे. पण आवाज बदलला हे कळेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असायचा."

"आन आता?"

"आता आधी नस शोधायची. डोळ्यांनी. पांढऱ्या दोऱ्यासारखी असते, गाठीच्या मागून वर जाते. ती दिसल्याशिवाय गाठ कापायची नाही. त्यासाठी गळा हलता कामा नये आणि मला वेळ हवा. म्हणून झोप."

"आन दोरा दिसला न्हाई तर?"

"तर तेवढी गाठ आत ठेवायची."

"असं तुमी म्हणताय."

"हो. असं मी म्हणतोय."

या उत्तराने ती जरा अडखळली. शपथा, देवाची आण, 'काही होत नाही हो बाई', हे सगळं तिला अपेक्षित होतं आणि त्यावर तिची उत्तरं तयार होती.

"आदी अक्काचा गळा बगा," ती म्हणाली. "तिचं काय कापलं ते सांगा. मग माझं."

डॉक्टरांनी कपाळाला भोकाचा आरसा बांधला, दांडीचा छोटा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर गरम केला आणि फडक्यात जीभ धरून मनुबाईच्या घशात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"उजवी बाजू हलत नाही. नस गेलेली आहे. आता येणार नाही."

"कुणामुळं?"

माझ्या सासरी तीन डॉक्टर. एकाच्या हातून काही बिघडलं की बाकीचे कसे बोलतात ते मी जेवायच्या पंक्तीला ऐकलेलं आहे. शरीरप्रकृती, दैव, पेशंटचा उशीर. मी तेच ऐकायच्या तयारीने बसले होते.

"ऑपरेशन करणाऱ्याच्या हातून," ताटके म्हणाले. आणि मग मनुबाईकडे वळून, "तुम्ही बोलला नाहीत म्हणून नव्हे. बोलत राहिला असता तरी गेली असती, असंच मला वाटतं. दोष आमचा."

मनुबाईने पदराचं टोक तोंडाशी धरलं. डॉक्टरांचं तिच्याकडे लक्ष होतं, पण तोंडाकडे नाही, हाताकडे.

"हातापायाला मुंग्या येतात? बोटं वळतात?"

तिने रंगूबाईकडे बघितलं. रंगूबाईने माझ्याकडे. डॉक्टरांनी रक्तदाब मोजायचा पट्टा मनुबाईच्या दंडाला बांधला, हवा भरली आणि तसाच फुगलेला ठेवून शांत बसून राहिले. थोड्या वेळाने तिचा अंगठा तळव्यात वळला, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, मनगट मुडपलं. हाताची चोच झाली.

रंगूबाई ताडकन पुढे आली. "सोडा तो पट्टा. तिच्या अंगात यायलंय. तुमी आणलंय."

डॉक्टरांनी हवा सोडली. हात सैल पडला. मग मला सगळं विचारून घ्यावं लागलं. ऑपरेशननंतर मनुबाईचे हात असे अधूनमधून वळायचे. गावाने ठरवलं होतं की तिच्या अंगात वारं येतं; बोलत नाही म्हणून मुकं वारं. अमावास्येला चार बायका येऊन ओटी भरायच्या, अंगारा लावायच्या. घरात तिला कुणी विचारायचं ते तेवढ्या वेळेपुरतं.

"वारं नाही," डॉक्टर म्हणाले. "गाठीच्या मागे मसुरीच्या डाळीएवढ्या चार बारीक गाठी असतात. रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, त्या सांभाळतात. पूर्वी आवाळवाबरोबर त्याही निघून जायच्या, कुणाच्या ध्यानातही येत नसे. चुना कमी झाला की हात वळतात. गोळ्या देतो. चुन्याच्या, आणि दुसरी एक. जन्मभर घ्यायच्या. बंद केल्या की पुन्हा वळणार."

"म्हंजी द्येव न्हाई?"

"माझ्या पट्ट्यात तरी नाही."

रंगूबाई पट्ट्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरून काही कळेना. देव खोटा ठरला याचं तिला वाईट वाटत असेल, की इतक्या वर्षांच्या अंगाऱ्याचा राग येत असेल. मग ती म्हणाली, "डाक्तर, माझ्या त्या चार डाळी ऱ्हाऊ द्या आत."

ही तिची संमती. कागदावरचा अंगठा नंतर झाला.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि मनुबाई बाहेर बाकावर बसलो. दार एकदाही उघडलं नाही. वेळ लागतोय म्हणजे शोधताहेत, असं मी मनुबाईला सांगितलं. स्वतःला सांगितलं ते निराळंच. अलीकडे माझ्या भाचीचं हेच ऑपरेशन पुण्यात झालं. आता भुलीसाठी घशात घालतात त्या नळीला तारा जोडलेल्या असतात, नसेच्या जवळ गेलं की यंत्र टूंटूं वाजतं. म्हणजे मनुबाईला जे काम सांगितलं होतं ते आता यंत्र करतं, आणि त्याला सासू नसते. भाची दोन दिवसांत घरी येऊन फोनवर भांडत होती. शहात्तर साली ताटक्यांकडे यंत्र नव्हतं. दिवा होता, डोळे होते आणि घाई करायची नाही एवढा निश्चय होता. तेवढ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे त्या बाकावर बसून मला ठरवता आलं नाही.

आत बोलावलं. रंगूबाईच्या गळ्याला पांढरी पट्टी, बाजूला रक्ताची बाटली. भूल देणारे डॉक्टर तिच्या कानाशी म्हणत होते, "मावशी, आ म्हणा."

ती डोळे न उघडता म्हणाली, "तुमी म्हणा आदी."

आवाज फाटका होता, घोगरा होता, पण होता. नळीमुळे चार-आठ दिवस असाच राहील, असं ताटके म्हणाले. ते तिला अर्थातच पटलं नाही. रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून स्वतःशी पुटपुटून बघायची. नर्स दिसली की विचारायची, "कालच्यापरीस बरा हाय का? खरं सांग गं." मधूनच बोटं दुमडून बघायची, वळतात का. वळली नाहीत. आठवड्याने आवाज बराचसा मोकळा झाला. मनुबाई तिच्या उशाशी बसून असायची, गोळ्या खायची, आणि स्वतःच्या हातांकडे बघायची.

रविवारच्या गाडीने हंबीरराव येणार, असा निरोप आला. रंगूबाई मला म्हणाली, "आबा आले का मी गप्प पडणार हाय. तुमी बी काय सांगू नगा."

"कशासाठी?"

"बगायचंय."

हे मला मुळीच आवडलं नाही, आणि मी गप्प राहिले.

हंबीरराव आले. उंचापुरा माणूस, पटका, हातात केळी. रंगूबाईने पदर पुढे ओढला. "काय रंगू, कसं हाय आता?" उत्तर नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने गळ्याच्या पट्टीवर हात ठेवला आणि मान खाली घातली. हंबीररावांनी मनुबाईकडे बघितलं. मनुबाई खिडकीबाहेर बघत होती.

"गेला?" ते मला म्हणाले.

मी पाण्याचा तांब्या उचलून ठेवला.

ते केळी खाटेवर ठेवून व्हरांड्यात गेले. मी दारातून डोकावले. नळाखाली तोंड धुत होते, खूप वेळ. रडत होते म्हणावं तर उन्हातून आले होते. आणि सुटलो असं वाटलेला माणूसही तोंड धुऊ शकतो. पाठ दिसत होती, तीवरून मला काही सांगता येत नाही. आजही येत नाही.

परत आले ते पटका नीट करत. "झालं ते झालं," ते म्हणाले. "औंदा पाण्याचं, उसाचं समदं मी बगतो. तिनं काळजी करू नये. आन कृष्णाताला एवढ्यात कळवायचं न्हाई. तिकडं तेला घोर नगं."

"का न्हाई कळवायचं?"

पदराआडून आलेला हा आवाज घोगरा होता, पण तोच होता. शेजारच्या दोन खाटांवरच्या बायका उठून बसल्या. हंबीररावांनी मागे बघितलं, जणू दुसरंच कुणी बोललं.

"रंगू. अगं, मग मघाशी—"

"मघाशी ऐकत हुते."

त्यांचा चेहरा लाल झाला. लाजेने, रागाने की आनंदाने, ते तुम्ही ठरवा. रंगूबाईने त्यांना वेळ दिला नाही.

"तेंला मी कळवीन काय ते. पाण्याचं बी मी बगीन. तुमी अक्काच्या गोळ्यांचं बोला. हात वळायचं वारं न्हाई, चुना कमी हाय, डाक्तरांनी आमच्या डोळ्यांम्होरं दावलंय. जन्मभर घ्यायच्या हायत. दर म्हैन्याला कोण आणणार?"

"आणीन की मी."

"म्हणताय. अमावास्येला बाया आल्या आन म्हणल्या, द्येव गेला निकमांच्या घरातनं, तर?"

"तरी आणीन."

"मला नगा सांगू. तिला सांगा."

हंबीरराव बायकोकडे वळले. मी त्या घरात पाच वर्षं जात-येत होते. त्यांनी तिच्याशी तोंडाकडे बघून बोललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "मने," ते म्हणाले, "आणीन मी गोळ्या."

मनुबाईचे ओठ हलले. वॉर्डात भांड्यांचा आवाज चालला होता. हंबीरराव जरा वाकले, त्यांना ऐकू आलं नाही, आणि आणखी वाकावं की नाही ते त्यांना सुचेना.

"ती म्हणतीय, म्हैना भरायच्या आदी आणा," रंगूबाईने खाटेवरून सांगितलं.

हंबीररावांनी मान डोलावली. मनुबाईने नेमकं काय म्हटलं ते मलाही ऐकू आलं नव्हतं. रंगूबाईची खाट तर माझ्याहून लांब होती. तिला तरी आलं होतं का, याची मला दाट शंका आहे.